खासदारकीच्या बाजारात आपल्या मालाला भाव कधी?

निवडणुकीच्या हंगामात व्यापाऱ्याच्या दुकानाची पायरी फार मोठी होते. एरवी जो पुढारी गाडीच्या काचा वर करून पेठेतून निघून जातो, तो त्या पंधरा दिवसांत खाली उतरतो, हात जोडतो, गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसतो, अर्धा कप चहा घेतो आणि ‘आपलंच दुकान आहे’ असे म्हणून पुढच्या दुकानात शिरतो. मागाहून कार्यकर्ता येऊन वर्गणीची पावती फाडतो. निकाल लागला की पायरी पुन्हा होती तेवढीच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा आणि सांगली या दोन्ही मतदारसंघांत हेच झाले, आणि आम्ही व्यापारी-कारागिरांनी ते नेहमीसारखे होऊ दिले.

पुढची लोकसभा नियमाप्रमाणे २०२९ साली. मग हा विषय आताच कशाला, असे कोणी विचारील. बंधूंनो, हळदीचा व्यापारी हंगाम सुरू झाल्यावर पोती शोधत बसत नाही. उमेदवाराकडून काय घ्यायचे ते ठरवायची वेळ उमेदवार दारात येण्याआधीची असते. तो दारात आल्यावर आम्ही फक्त चहा सांगतो.

सांगलीचा लिफाफा

सांगलीत २०२४ साली तीन पाटील समोरासमोर होते. भारतीय जनता पक्षाचे संजयकाका पाटील २०१४ आणि २०१९ अशा दोन निवडणुका जिंकून तिसऱ्यांदा उभे होते. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांना मैदानात उतरवले. आघाडीत ही जागा काँग्रेसला सुटली नाही म्हणून वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील यांनी बंड केले आणि ‘लिफाफा’ चिन्हावर अपक्ष अर्ज भरला. ७ मे रोजी मतदान झाले, ४ जूनला मोजणी झाली. विशाल पाटील यांना ५,७१,६६६ मते, संजयकाकांना ४,७१,६१३, तर पैलवानांना ६०,८६०. अपक्षाने लाखाच्या फरकाने मैदान मारले आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामतही गेली.

पाच वर्षांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवा. २०१९ मध्ये संजयकाका जिंकले ते १,६४,३५२ मतांनी. पण त्या वेळी विशाल पाटील यांना ३,४४,६४३ आणि वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर यांना ३,००,२३४ मते होती. विरोधातली मते दोन गल्ल्यांत वाटली गेली आणि तिसऱ्याचे दुकान चालले. २०२४ ला वंचितने विशाल पाटील यांना पाठिंबा दिला, आणि त्याच बाजारात भाव उलटा झाला.

या सगळ्या लढतीत चर्चा कशाची होती? दादांच्या घराण्यावर अन्याय झाला का, जागा कोणी पळवली, पैलवानाला पुढे करून कोण मागे राहिले. १९८० पासून २०१४ पर्यंत सांगलीची खासदारकी वसंतदादांच्या घरात होती, तेव्हा घराण्याची चर्चा होणारच. पण हळद, बेदाणा, सतार, महापूर ही नावे त्या भाषणांत किती वेळा आली, हे ज्यांनी सभा ऐकल्या त्यांनीच आठवून पाहावे.

साताऱ्याची पिपाणी

साताऱ्याचा मतदार कोणाच्या खिशात नाही, हे त्याने पाच वर्षांत तीनदा दाखवले. २०१९ च्या उन्हाळ्यात उदयनराजे भोसले राष्ट्रवादी काँग्रेसकडून निवडून आले. काही महिन्यांत त्यांनी राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. शरद पवार साताऱ्यात भर पावसात बोलले ते याच वेळी. सनदी अधिकारी आणि सिक्कीमचे राज्यपाल राहिलेले श्रीनिवास पाटील ८७,७१७ मतांनी निवडून आले. २०२४ ला त्याच उदयनराजेंना साताऱ्याने भाजपच्या चिन्हावर पुन्हा दिल्लीला पाठवले.

मात्र हा शेवटचा सौदा फार थोड्या फरकाने तुटला. उदयनराजेंना ५,७१,१३४ मते पडली आणि शरद पवार गटाचे माथाडी नेते शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३. फरक ३२,७७१. शिंदे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच यंत्रावर एका अपक्षाचे चिन्ह होते पिपाणी, दिसायला तुतारीची चुलत बहीण. त्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. फरकापेक्षा पिपाणीची मते जास्त! ती सगळी चुकून पडली असे आम्ही म्हणणार नाही, तसे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. पण गिऱ्हाईक मार्का न पाहता डबा उचलते तेव्हा काय होते, ते दुकानदाराला सांगायला नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यंत्राचा नमुना दाखवून चिन्ह आणि उमेदवाराचे नाव दोन्ही ओळखायला शिकवणे, हे काम प्रत्येक मोहल्ल्यात एका संध्याकाळी उरकण्यासारखे आहे.

आपला मतदारसंघ कोणता, हेही अनेकांना ठाऊक नसते. सांगली जिल्ह्यातील वाळवा आणि शिराळ्याचा मतदार लोकसभेला हातकणंगले मतदारसंघात मोडतो. सातारा जिल्ह्यातील फलटण आणि माणचा मतदार माढ्यात मोडतो. फलटणच्या दुकानदाराने साताऱ्याच्या उमेदवाराला निवेदन देणे म्हणजे दुसऱ्याच पेढीवर हुंडी वटवायला जाणे.

निजामाबादने काय केले

आता आपल्या मालाकडे वळू. सांगलीची हळद देशभर जाते, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे राष्ट्रीय मंडळ व्हावे ही मागणी जुनी. ते मंडळ झाले, पण त्याचे मुख्यालय तेलंगणातील निजामाबादला गेले. १४ जानेवारी २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

निजामाबादला ते कसे गेले, हे प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावे. २०१९ च्या लोकसभेला तिथल्या हळद आणि ज्वारीच्या शेतकऱ्यांनी कोणत्याही पक्षाच्या मागे न जाता स्वतःच अर्ज भरले. एका जागेसाठी १८५ उमेदवार, त्यांतले १७० हून अधिक शेतकरी. प्रत्येक केंद्रावर मतदान यंत्रांची रांग मांडावी लागली. ते शेतकरी निवडून येणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होते. पण हळदीचा प्रश्न साऱ्या देशाच्या कानावर गेला. भाजपचे उमेदवार धर्मपुरी अरविंद यांनी तर बाँड पेपरवर लिहून दिले की, निवडून आलो तर पाच दिवसांत मंडळ आणतो. विद्यमान खासदार आणि मुख्यमंत्र्यांची मुलगी असलेल्या कविता यांचा त्यांनी ७० हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

पाच दिवसांत मंडळ आले का? नाही. अधिसूचना निघायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. पण मधल्या चार वर्षांत शेतकऱ्यांनी तो कागद खासदारासमोर पुन्हा पुन्हा धरला. तोंडी आश्वासन असते तर ते सभेच्या मांडवाबरोबरच उतरले असते. तोंडी वायदा आणि लेखी वायदा यांतला फरक आम्ही उधारीच्या वहीत रोज पाहतो, मग मताच्या वहीत का पाहत नाही?

मिरजेच्या कारागिरांचीही अशीच गोष्ट. तलवारी-शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरा बनवायला घेतला आणि मिरजेचे नाव जगभर झाले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यावर मिरजेचा हात फिरल्यावरच तो बोलू लागतो. २०२४ च्या मार्चअखेर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मतदानाला तेव्हा जेमतेम सव्वा महिना होता. पण केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये कारागिरांसाठी ‘विश्वकर्मा’ योजना काढली, ५ टक्के व्याजाने कर्ज आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये देणारी, तिच्या १८ धंद्यांच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, शिंपी आहे, चांभार आहे, खेळणी बनवणारा आहे. वाद्य बनवणारा नाही. ज्या कारागिरीला सरकारनेच मानांकन दिले, ती सरकारच्याच यादीत कारागिरी म्हणून नाही. हा प्रश्न लोकसभेत विचारायला कोट्यवधींचा निधी लागत नाही, एक अर्ज पुरतो. पण उमेदवारांना तो विचारायला आम्ही कधी सांगितले?

बेदाण्याचे उदाहरण उलट बाजूचे. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागतो की नाही, हा घोळ बराच काळ चालला. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने तो लागत नाही असा खुलासा केला. म्हणजे लावून धरलेला प्रश्न सुटतो. न विचारलेला प्रश्न मात्र कोणीच सोडवत नाही.

पुराचा आणि शांततेचा प्रश्न

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठेपासून मारुती रोडपर्यंत दुकानांत पाणी शिरले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. कोयनेचे पाणी साताऱ्यातून येते आणि खाली कर्नाटकात अलमट्टी आहे. अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह आहे. पुराला अलमट्टी किती जबाबदार, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. परंतु दोन राज्यांचे पाणी हा दिल्लीचा विषय आहे, आणि तिथे सातारा, सांगली व हातकणंगल्याच्या खासदारांनी एका आवाजात बोलायला हवे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

दुसरी गोष्ट शांततेची. २००९ साली गणेशोत्सवात मिरजेत दंगल पेटली, बाजार दिवसेंदिवस बंद राहिला. १० सप्टेंबर २०२३ ला सातारा जिल्ह्यात पुसेसावळीत एकाचा जीव गेला, दुकाने आणि गाड्या जाळल्या गेल्या. बाजार बंद पडतो तेव्हा हमालाची, टेम्पोवाल्याची, फेरीवाल्याची चूल आधी विझते, आणि चूल कोणत्या धर्माची हे उपाशी पोट विचारत नाही. जो उमेदवार मतांसाठी आग लावणाऱ्या भाषणाला व्यासपीठ देतो, तो आपल्या पेठेचा मित्र नव्हे, मग तो आपल्या गल्लीत येऊन कितीही वाकून नमस्कार करो.

काय मागावे, कसे मागावे

आमचीही चूक कबूल केली पाहिजे. आम्ही खासदारकीच्या उमेदवाराकडे गटार मागतो, पथदिवा मागतो, गाळ्याची नोंद मागतो. ही कामे नगरपालिकेची आणि तहसीलची. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून एखादे सभागृह बांधून तो आमचे तोंड बंद करतो आणि आम्हीही हार घालून मोकळे होतो. त्याचे खरे काम लोकसभेतले आहे: कर, रेल्वे, आयात-निर्यात, आंतरराज्य पाणी, केंद्राच्या योजना. जीएसटी कौन्सिलमध्ये तो बसत नाही, तिथे केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात. पण तो सभागृहात प्रश्न टाकू शकतो, मंत्र्याला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर कायमचे नोंदले जाते.

तेव्हा २०२९ पूर्वी प्रत्येक बाजारपेठेतल्या व्यापारी आणि कारागीर मंडळींनी एकत्र बसून पाचच मागण्यांचा एक कागद करावा. आपल्या वेगळ्या गल्लीचा वेगळा कागद नको. सतारमेकर, हळदीचा अडत्या, महाबळेश्वरचा चपलेचा दुकानदार, कऱ्हाडचा गूळवाला, हिंदू-मुसलमान-जैन-लिंगायत सगळे त्यावर सही करोत. तो कागद प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावा आणि त्याच्या पत्रावर उत्तर घ्यावे. जो लिहून देत नाही, त्याचे न देणेही नोंदवावे. निकालानंतर दर अधिवेशनाला एका शिकल्यासवरल्या मुलाने खासदारांनी कोणते प्रश्न विचारले ते पाहून दुकानाच्या भिंतीवर लावावे.

आणि एक शेवटचे. प्रत्येक निवडणुकीत कोणी तरी ‘समाजाची एवढी मते माझ्या हातात आहेत’ असे सांगून ठोकीचा सौदा करतो. माल आमचा, अडत त्याची. साताऱ्यात ३२ हजारांच्या फरकाने खासदार ठरला. तिथे एकेका पेठेचे, एकेका गल्लीचे मत जड होते. असे मत दलालाच्या हाती पोत्याने का द्यावे? कोणाला मत द्यायचे ते आम्ही सांगणार नाही, तो ज्याचा त्याचा हक्क आहे. आमचे सांगणे एवढेच की, पुढच्या वेळी उमेदवार दुकानात आला की चहा जरूर द्या, पण चहाच्या आधी कागद पुढे करा.