राहत वाटली, वसवले कुणी?

दंगल पेटते, घर जळते आणि माणूस स्वतःच्याच देशात निर्वासित होतो. मग आपल्या तंजीमा जाग्या होतात. एक देग चढवते, दुसरी चादरी वाटते, तिसरी धान्य. प्रत्येकीचे पावतीपुस्तक वेगळे, यादी वेगळी. एकाच घराचे नाव तीन याद्यांत येते. हात पसरायला लाजणारी विधवा एकाही यादीत नसते.

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्रा-कौशाकडे गेली. राहत कँप उठला की आपला उत्साहही उठतो. पण निर्वासिताची खरी परीक्षा तिथूनच सुरू होते. भाड्याची खोली, रेशनकार्ड, भरपाईचा अर्ज, मुलाची शाळा. दाखला जळाला म्हणून मूल घरी बसते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हे त्या बापाला सांगणार कोण? ते कुणाचेच काम नसते!

कुणी म्हणेल, पुनर्वसन सरकारने करावे. जरूर करावे. तो नागरिकाचा हक्क आहे, खैरात नव्हे. पण दहा तंजीमांनी दहा निवेदने दिली की साहेबांना दहाही टाळणे सोपे जाते. सर्वांच्या सह्यांची एकच यादी टाळणे कठीण.

भिवंडीला हे बाहेरच्याने शिकवायला नको. १९७० आणि १९८४ मध्ये हे शहर जळाले. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू-मुसलमान एकत्र बसू लागले. पुढे मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल रोखायला एकत्र बसता येते, तर उजाडलेल्यांना वसवायला का नाही?

म्हणून संकट येण्याआधीच ठरवा. मोहल्ल्याचे रजिस्टर एकच. त्यात मजहबचा रकाना नको. जेवण एका तंजीमकडे, खोली दुसरीकडे, कागदपत्रे तिसरीकडे, शाळा आम्हा शिक्षकांकडे. दर महिन्याला, निदान वर्षभर, सर्वांसमोर हिशोब द्या. जकातीच्या पैशाचा हिशोब इथेही द्यायचा आहे आणि तिथेही.

आणि बॅनर? हवाच असेल तर जरूर लावा. शेवटचे मूल वर्गात बसल्यानंतर.