हॅनफर्डचा करार आणि वाढत्या मुदती

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे ऑक्टोबर २०२५ मध्ये अणुकचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी पिंपांत बंदिस्त करण्याचे काम अखेर सुरू झाले. हॅनफर्ड हे नाव वाचकांस अपरिचित असेल. परंतु ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीतील उराकामी ह्या कॅथलिक वस्तीवर फुटलेल्या बॉम्बचे प्लुटोनियम तेथेच तयार झाले होते. त्या दिवशी उराकामीचे कॅथेड्रल आणि हजारो भाविक नष्ट झाले.

प्लुटोनियमचे उत्पादन १९८७ मध्ये थांबले. मागे उरल्या १७७ भूमिगत टाक्या व त्यांतील सुमारे २१ कोटी लिटर विषारी कचरा. काही टाक्या गळक्या असून जवळूनच कोलंबिया नदी वाहते.

येथे प्रदूषण करणारे सरकार आणि सफाई करणारेही सरकारच. मग जाब कोणी विचारावा? १९८६ मध्ये सुधारलेल्या ‘सुपरफंड’ कायद्याने केंद्रीय खात्यांनाही सफाईचे करार बंधनकारक केले. त्यानुसार मे १९८९ मध्ये केंद्राचे ऊर्जा खाते, पर्यावरण संरक्षण संस्था व वॉशिंग्टन राज्य ह्यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. कामांच्या तारखा ठरल्या, मुदत चुकल्यास दंडाची तरतूदही झाली. सफाई तीस वर्षांत आटोपेल, अशी तेव्हा अपेक्षा होती!

तसे घडले नाही. राज्याने २००८ मध्ये न्यायालयाचे दार ठोठावले. २०१० च्या न्यायालयीन हुकुमाने काचप्रकल्प पूर्णतः चालविण्यासाठी २०२२ ची मुदत दिली. २०१६ मध्ये ती २०३६ वर गेली. तरीही कराराला आम्ही निरर्थक म्हणणार नाही. राज्याच्या हाती सहीचा कागद नसता, तर न्यायाधीशांपुढे काय ठेवता आले असते? आताचे काम सुरू झाले, तेही न्यायालयाने घातलेल्या मुदतीपोटीच.

आमचा आक्षेप वेगळा आहे. २०२० पासून चाललेल्या वाटाघाटी बंद दाराआड झाल्या. मसुदा लोकांपुढे आला तो २०२४ मध्ये, तिन्ही पक्षांचे एकमत झाल्यावर. त्यानुसार २२ टाक्यांतील कचरा काचेऐवजी सिमेंटसदृश मिश्रणात घट्ट करून राज्याबाहेर पुरावयाचा आहे. ज्या प्रदेशात तो जाईल, तेथील राज्य ह्या करारात पक्षकार नाही. कोलंबियातील मासेमारीचा हक्क १८५५ च्या तहाने राखून ठेवणाऱ्या याकामा आदिवासींचीही त्यावर सही नाही.