शस्त्रक्रियेनंतरची जाग

सुरत शहराच्या डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे नांदत आहेत. अशा एखाद्या घरात कुणाचे पोटाचे ऑपरेशन ठरले, की माणसे पहिला प्रश्न विचारतात, "भूल नीट उतरेल ना?" प्रश्न रास्त आहे, परंतु भूल उतरणे व अंगात बळ परतणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मोठ्या शस्त्रक्रियेत झोपेच्या औषधाबरोबर पुष्कळदा स्नायू सैल करणारे औषधही देतात. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना जे क्युरारे नावाचे विष लावीत, ते या औषधांचे मूळ होय. १९४२ च्या जानेवारीत कॅनडातील माँट्रिअल येथे डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ व डॉ. एनिड जॉन्सन यांनी ते भुलेच्या जोडीला वापरून दाखविले. पोटाचे स्नायू सैल पडल्याने शल्यवैद्याचे काम सुकर होते. मात्र श्वासाचे स्नायूही थंडावतात, म्हणून तेवढा वेळ रोग्याचा श्वास यंत्राने चालवावा लागतो.

मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पोचविते. सैल करणारे औषध त्याची जागा अडवून बसते. काम आटोपल्यावर निओस्टिग्मीन टोचतात. ॲसिटिलकोलीनचा नाश करणाऱ्या विकराला ते रोखते. त्यामुळे ॲसिटिलकोलीन साचते व अडवणाऱ्या औषधास बाजूला सारते. याच कारणाने हृदयाची गती मंदावते, लाळ सुटते. म्हणून सोबत ॲट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट देतात. सुगामाडेक्स हे नवे औषध निराळ्या रीतीने चालते. त्याचे साखरेच्या घटकांचे कडे रोक्युरोनियमसारख्या औषधाला आपल्या पोटात कोंडून टाकते. युरोपात २००८ साली व अमेरिकेत २०१५ साली त्याला मान्यता मिळाली.

बळ थोडे जरी अपुरे राहिले, तरी डोळे उघडलेल्या रोग्यालाही श्वास पुरत नाही व घोट नीट गिळता येत नाही. म्हणून मनगटाच्या मज्जातंतूला विजेच्या चार बारीक टिचक्या देऊन पाहतात. चौथीचे बळ पहिलीच्या निदान नऊ दशांश असावे लागते. रोगी बोलू लागला म्हणून मायेपोटी त्याच्या तोंडी पाणी घालू नये. परिचारिकेने सांगेपर्यंत धीर धरावा.

आता शेतकरी घरांसाठी एक गोष्ट. कपाशीवर फवारतात त्या मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारख्या विषारी औषधांनी शरीरातील हीच विकरे निकामी होतात. सक्सामेथोनियम हे झटपट काम करणारे औषध अशाच एका विकराने मोडते. ते विकर दुबळे असेल, तर काही मिनिटांत ओसरणारा परिणाम तासन्‌तास टिकतो, त्यावर निओस्टिग्मीनचा भरवसा धरता येत नाही, आणि तोवर यंत्राचाच आधार असतो. काही घराण्यांत ते जन्मतःच दुबळे असते.

तेव्हा हंगामाला गावी जाऊन फवारणी केली असेल, अथवा घरातील कुणाला पूर्वी भुलेतून सावरण्यास फार वेळ लागला असेल, तर भूलतज्ज्ञाने विचारण्याची वाट न पाहता ते आधीच सांगावे. आमच्या मते, ऑपरेशनपूर्वी घरच्यांच्या हाती असलेले याहून मोलाचे साहाय्य दुसरे नाही.