आजोबांना हसू का येते?

लहान मुलांचे बोबडे बोल हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. पण त्या बोलांत काही खरे निघाले की कौतुक तिथेच संपते आणि "मोठ्या माणसांत बोलू नये" हे ठेवणीतले वाक्य बाहेर येते. आमच्या घरात हे वाक्य कधीही न वापरणारे एकच गृहस्थ आहेत, ते म्हणजे आमचे आजोबा. त्यांची सारी हयात एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. आता हृदयविकारामुळे ते घरीच असतात आणि त्यांना दिवसभर सोबत असते ती माझ्या साडेचार वर्षांच्या चुलतबहिणीची, चिमीची.

परवा काका मोबाईलवर कोणाला तरी सांगत होते, "निघालोय, वाटेतच आहे." चिमी ओरडली, "बाबा, टॉवेलवरच?" काकांनी डोळे वटारले. आजोबा मात्र कवळी सावरत हसत होते. त्या कवळीविषयीही चिमीची एक शंका आहे. रात्री ती पाण्याच्या वाटीत असते, तेव्हा ती काय खाते? याचे समाधानकारक उत्तर तिला अद्याप कोणी दिलेले नाही.

चिमी म्हणते, "मी जेवण करलं", "आम्ही काल येलो." आम्ही लगेच चूक सुधारतो. गंमत अशी की, 'करलं' हे रूप आमच्या घरात कोणीच वापरत नाही, म्हणजे ते तिने ऐकलेले नाही. बस-बसलं, उठ-उठलं, यांवरून तिने नियम स्वतःच काढला आणि तो 'कर'ला लावला. अपवाद तिला ठाऊक नाहीत, एवढेच. रशियन लेखक कोर्नेय चुकोव्स्की यांनी मुलांचे असे बोल वर्षानुवर्षे टिपून ठेवले, त्यांतूनच त्यांचे 'दोन ते पाच' हे पुस्तक झाले. या वयातले मूल भाषेच्या बाबतीत प्रतिभावंतच असते, असे त्यांचे मत होते. मला वाटते, वागण्याचे नियमही मूल असेच काढते. खरे बोलावे, असे आपण एकदा सांगतो आणि ते बिचारे तो नियम सगळीकडे लावत सुटते. 'केलं' जसे मागाहून शिकवावे लागते, तसेच 'वाटेतच आहे' हेही. (आमच्या वर्गात "समजले ना?" असे विचारल्यावर साऱ्या माना एकदम हलतात, त्या अर्थी आम्हांला सर्व अपवाद पाठ आहेत. गुरुजनांनी रागावू नये.)

यावर कोणी म्हणेल, खरे बोलणे लागते त्याचे काय? मान्य आहे. शेजारच्या काकूंना चिमीने एकदा सर्वांसमोर विचारले, "तुम्ही टिकली का लावत नाही?" आईचा चेहरा उतरला. त्या दिवशी आजोबा हसले नाहीत. काकू गेल्यावर ते एवढेच म्हणाले, "आपल्यापैकी कोणी कधी विचारलं होतं त्यांना?" कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. आमच्या गल्लीत मात्र हा विषय काढायला साडेचार वर्षांची मुलगी लागली. बोलण्याची रीत मुलांना शिकवावी, याबद्दल माझा वाद नाही. पण रीतीच्या नावाखाली आपण प्रश्नच बंद करतो, हे मला पटत नाही.

आजोबांना नातीच्या निरागसपणाची मौज वाटते, असे घरातल्या सर्वांचे मत आहे. माझे तसे नाही. आजोबांशी आता कोणी सरळ बोलतच नाही. डॉक्टर काय म्हणाले असे त्यांनी विचारले, तर "काही नाही, ठणठणीत आहात," असे उत्तर मिळते. घरखर्चाचे विचारले, तर "तुम्ही कशाला काळजी करता?" लहान मुलाची करावी तशी त्यांची समजूत काढली जाते. मग ज्यांची ज्यांची समजूत काढली जाते, ती माणसे एकमेकांशी खरे बोलू लागली, तर त्यात नवल ते काय?

मागच्या महिन्यात मी शेजारच्या खोलीत अभ्यास करीत होतो. चिमीने विचारले, "आजोबा, तुम्ही म्हातारे झालात ना? मग आता पुढे काय?"

"पुढे शेवटचा थांबा."

"मग उतरायचं?"

"उतरायचं."

"आणि सामान?"

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकू धावत आल्या आणि "आजोबांना असलं काही विचारू नये," म्हणून चिमीला उचलून नेऊ लागल्या. "राहू दे तिला," आजोबा म्हणाले, "तिनं मुद्द्याचं विचारलंय."

त्याच संध्याकाळी त्यांनी बाबांना हाक मारली. बँकेचे पासबुक आणि घराचे कागद घेऊन जरा बस, काही गोष्टी सांगायच्या आहेत, म्हणाले. बाबा म्हणाले, "आत्ता काय घाई आहे? तुम्हांला काही होत नाही."

पासबुक अजून कपाटातच आहे.