पन्नास रुपयांचं झाड

वीकेण्डला दिवेआगरला गेलं की आपण काय करतो? बीच, उकडीचे मोदक, वाडीतल्या होमस्टेमधला झोपाळा आणि शे-दोनशे फोटो. वाडीतल्या त्या उंच, सडपातळ झाडांकडे बघायला कुणाला वेळ असतो? मलाही नव्हता.

नाश्ता करताना काकूंनी सहज विचारलं, "ही पोफळ केवढ्याची असेल, सांग बघू?" मी आपलं हजार-दोन हजार ठोकून दिलं. काकू हसल्या. "पन्नास रुपये. सरकारी हिशोबाने."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या वाड्या आडव्या झाल्या. मदत आधी जाहीर झाली ती हेक्टरी. आता इथे वाड्या मोजतात गुंठ्यांत! (साधारण शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर. मलाही शोधावं लागलं.) ओरड झाल्यावर झाडामागे रक्कम ठरली. नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, हे शाळेत वाचलेलं असतं. पण बाजारात या गावाचं नाव चालतं ते 'श्रीवर्धन रोठा'मुळे. मोठी, आतून पांढरी सुपारी. पिकलेली फळं महिना-दीड महिना उन्हात वाळवायची, मग एकेक सोलायची, प्रत लावायची. मध्येच पाऊस आला तर सगळं मुसळ केरात.

आणि पोफळ एकटी नसते हो. तिच्या खोडावर मिरीचा वेल चढवलेला, सावलीत जायफळ. पोफळ पडली की मिरी तिच्याबरोबर जाते आणि डोक्यावरची सावली गेली की जायफळ करपतं. तीन पिकांचा आधार गेला, भरपाई एका झाडाची. नवीन रोप लावलं की पुढची सहा-सात वर्षं नुसतं पाणी घालत बसायचं. आपल्यापैकी किती जण इन्क्रिमेंटसाठी एवढं थांबतील?

आता सुपारी काही हेल्थ फूड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवलंय. लंचनंतरची माझी मसाला सुपारी बंद आहे. हे मी काकूंना सांगितलं नाही. धीरच झाला नाही. त्यांच्या वादळानंतरच्या रोपांना आता कुठे घड धरू लागलेत. मधली वर्षं घर चाललं ते आपल्यासारख्यांच्या वीकेण्डवर.

निघताना काकूंनी मिरीची पुडी हातात ठेवली. पैसे विचारले, तर म्हणाल्या, "रूमच्या बिलात धरलेत."