दोन बैल की चार?

धान विकून आलेल्या पैशांतून सौंदडच्या विद्यार्थ्याने जुना संगणक घ्यावा तो कोणता? २००७ सालचा इंटेलचा ‘क्यू ६६००’ की २००८ चा ‘ई ८४००’?

पहिल्यात चार कोअर, वेग २.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्यात दोनच, पण वेग ३ गिगाहर्ट्झ. चार बैल पाहून मन भुलते. परंतु निबंध टंकण्याचे ओझे बहुधा एकाच बैलाच्या खांद्यावर पडते. तेथे चपळ जोडीच सरस! शिवाय तिची मर्यादा ६५ वॅटची, चौकडीची ९५ वा १०५. चित्रफिती जोडणाऱ्याने चौकडी खुशाल घ्यावी. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मात्र जोडी घ्यावी आणि वाचेल तो पैसा रॅममध्ये घालावा. मित्रहो, मोठ्या आकड्यापेक्षा आपली गरज ओळखणे हेच खरे शहाणपण!