फोटोत रंग सरकवू नका

छपाईत एक रंग जागेवरून सरकला, तर ते कापड आपण सेकंडमध्ये काढतो. मग मालाच्या फोटोत तोच दोष मुद्दाम का घालावा? फोटोशॉपमध्ये लाल चॅनेल दोन-तीन पिक्सेल सरकवले की कडांना लाल आणि निळसर-हिरवी झालर येते. मुळात हा भिंगाचा दोष. तो कमी करणाऱ्या जोडभिंगाचे पेटंट लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८ साली घेतले होते.

दुकानाच्या जाहिरातीला ही झालर खुशाल द्या. पण लुंगीच्या चौकडीला, साडीच्या जरीकाठाला नको. गिऱ्हाईक फोटो पाहून ऑर्डर देते. रंग वेगळा निघाला तर माल परत येतो आणि भाडे आपल्याच माथी बसते.

व्यापारी बंधूंनो, फोटो हाही नमुनाच आहे. नमुन्यासारखाच माल निघाला पाहिजे.